‘युद्धात एवढ्या गाड्या आल्या कुठून?’ ज्यूंच्या हद्दपारीबद्दलच्या दाव्याला मुद्देसूद उत्तर

नाझी राजवटीतल्या ज्यूंच्या हत्याकांडाबद्दल एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो. रशियाच्या आघाडीवर सैन्यालाच रसद पोचत नव्हती, मग लाखो ज्यूंना न्यायला जर्मनीकडे गाड्या कुठून आल्या? त्यांना पूर्वेकडे कामाला हलवलं होतं. ते तिकिटं काढून, सामानसुमान घेऊन गेले. आणि मारायलाच नेत होते, तर मूठभर पहारेकऱ्यांपुढे एवढी माणसं मुकाट्यानं गाडीत चढली असती का?

नुसते प्रश्न विचारल्याचा आव असल्यामुळे हा मजकूर वाचणाऱ्याला तर्काला धरून वाटतो. म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘गाड्या कुठून आल्या?’

आधी हिशेब नीट मांडायला हवा. मारल्या गेलेल्या सुमारे ६० लाख ज्यूंपैकी सगळ्यांना रेल्वेनं नेलेलं नव्हतं. सोव्हिएत प्रदेशात बहुतेकांना त्यांच्या गावाबाहेरच गोळ्या घातल्या. कीवजवळच्या बाबी यारमध्ये २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ जणांना मारल्याची नोंद मारणाऱ्या पथकानंच करून ठेवली आहे. घेटोंमध्ये, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्त्यांमध्ये, उपासमारीनं आणि साथींनी लाखो गेले. रेल्वेनं नेलेल्यांचा आकडा ३० लाखांच्या आसपास येतो आणि त्याला लागलेल्या गाड्या तीन वर्षांत मिळून साधारण दोन हजार. म्हणजे सरासरी दिवसाला दोन. राइशबान या जर्मन सरकारी रेल्वेत तेव्हा सुमारे १४ लाख लोक कामाला होते आणि रोज हजारो गाड्या धावत होत्या. त्या रहदारीत दोन गाड्यांची भर जाणवणारीही नव्हती.

जिथे वेग सर्वांत जास्त होता, त्या हंगेरीचंच उदाहरण घ्या. १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठ आठवड्यांत १४७ गाड्यांमधून ४,३७,४०२ ज्यू बाहेर पाठवले गेले, बहुतेक सगळे जर्मनव्याप्त पोलंडमधल्या ऑशविट्झ छावणीला. हा आकडा बुडापेस्टमधला जर्मन प्रतिनिधी एडमुंड वेझेनमायर यानं बर्लिनला कळवलेला आहे. भागून पाहिलं तर एका गाडीत जवळपास तीन हजार माणसं: चाळीस-पंचेचाळीस मालडबे आणि डब्यागणिक सत्तरच्या आसपास. लोकांना पकडून डब्यांत भरण्याचं काम हंगेरीच्याच सशस्त्र पोलिसांनी केलं.

याच्या अगदी उलट समजही ऐकू येतो: या गाड्यांना सैन्याच्या गाड्यांपेक्षा अग्रक्रम होता म्हणे. तोही खरा नाही. डिसेंबर १९४२ च्या मध्यापासून महिनाभर सैन्याच्या गरजेपोटी या गाड्या बंद ठेवल्या होत्या. २० जानेवारी १९४३ ला एसएस या नाझी सशस्त्र संघटनेचा प्रमुख हिमलर, खुद्द त्याला वाहतूक मंत्रालयाचा राज्यसचिव आल्बर्ट गान्झेनम्युलर याच्याकडे पत्र लिहून आणखी गाड्या मागाव्या लागल्या. आत कोंडलेल्यांसाठी याचा अर्थ भयंकर होता. सैन्याची किंवा मालाची गाडी पुढे जाईपर्यंत यांची गाडी साइडिंगला तासन्‌तास उभी राही. दारं बाहेरून बंद, पाणी नाही, शौचाला फार तर एक बादली. ग्रीसमधल्या सालोनिकाहून ऑशविट्झला पोचायला पाच ते आठ दिवस लागत. छावणी येण्याआधीच माणसं मरत, ती या कारणांनी.

‘कामाला हलवलं होतं’

या गान्झेनम्युलरचंच एक पत्र पाहा. २८ जुलै १९४२ ला त्यानं हिमलरच्या कार्यालयाला कळवलं: २२ जुलैपासून वॉर्साहून माल्किनियामार्गे ट्रेब्लिंकाला रोज एक गाडी, ५,००० ज्यूंसह, शिवाय शेमिशलहून बेल्झेकला आठवड्यातून दोनदा एक गाडी, तीही ५,००० ची. ट्रेब्लिंका हे पोलंडच्या जंगलातलं लहानसं ठिकाण. तिथे रोज पाच हजार ‘कामगार’ उतरत राहिले, तर त्यांच्यासाठी निवारे हवेत, शिधा हवा, कारखाने हवेत. तिथे यातलं काहीच नव्हतं. बेल्झेकच्या छावणीचं आवार एका बाजूला जेमतेम २७० मीटर. ११ जानेवारी १९४३ ला एसएस अधिकारी हेर्मान ह्योफलं यानं पाठवलेली, ब्रिटिशांनी मधेच टिपलेली बिनतारी तार सन २००० मध्ये अभ्यासकांच्या हाती आली. तिच्यात १९४२ अखेरपर्यंत चार छावण्यांत पोचलेल्या ज्यूंची बेरीज आहे: बेल्झेक ४,३४,५०८, सोबिबोर १,०१,३७०, ट्रेब्लिंका ७,१३,५५५, लुब्लिन २४,७३३, एकूण १२,७४,१६६. अडीचशे-पावणेतीनशे मीटरच्या आवारात सव्वाचार लाखांहून जास्त माणसं राहत होती, असं हा दावा करणाऱ्यांनाही म्हणता येणार नाही.

वेळापत्रकंही तेच सांगतात. पोलंडमधल्या रेल्वेच्या सप्टेंबर १९४२ च्या ५८७ क्रमांकाच्या आदेशात ट्रेब्लिंकाला जाणारी गाडी भरलेली आणि परतणारी रिकामी दाखवली आहे. तीच रिकामी गाडी पुढच्या गावी भरायला जाते. ट्रेब्लिंकाच्या आतल्या फलाटाशी एका वेळी वीसच डबे मावत, म्हणून साठ डब्यांची गाडी आधी जवळच्या स्टेशनात थांबवून तिचे तीन तुकडे करत आणि एकेक तुकडा आत ढकलत. उरलेले डबे पाळी येईपर्यंत उन्हात.

ऑशविट्झमध्ये कामाची छावणी होती, हे खरं. पण तिथे आणलेल्या सुमारे ११ लाख ज्यूंपैकी कैदी म्हणून नोंद झाली ती अंदाजे दोन लाखांची. बाकीच्या बहुतेकांची रवानगी फलाटावरून थेट गॅसच्या कोठडीकडे झाली. पॅरिसमध्ये १६ आणि १७ जुलै १९४२ ला फ्रेंच पोलिसांनी धरलेल्या सुमारे १३ हजार लोकांत चार हजारांवर मुलं होती. ही मुलं कुठल्या कामाला नेली? आणि स्लोव्हाकियाचं सरकार पाठवलेल्या प्रत्येक ज्यूमागे जर्मनीला ५०० मार्क देत होतं, ही माणसं परत येणार नाहीत या हमीवर. कामगार पुरवणाराच वर पैसे मोजतो, असा मजूर-करार कुठे झालेला नाही.

‘तिकिटं काढून गेले’

भाडं आकारलं जात होतं, एवढंच यात खरं आहे. तिसऱ्या वर्गाचा दर, माणशी किलोमीटरला ४ फेनिग (१०० फेनिग म्हणजे एक मार्क). दहा वर्षांखालच्या मुलांना अर्धं, चारखालच्यांना माफ. चारशेहून जास्त माणसं असतील तर समूहाची सवलत, म्हणजे निम्मं भाडं. मालडब्यात कोंबलेल्यांनाही हाच दर लागू होता. ज्यूंचं भाडं एकेरी आणि पहारेकऱ्यांचं परतीचं, हे त्या हिशेबांत स्वच्छ दिसतं. बिल जाई गेस्टापोच्या, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांच्या, नावे आणि ते भरलं जाई ज्यूंकडून लुबाडलेल्या पैशातून.

सामानाचंही तसंच. जर्मनीतून जाणाऱ्याला ५० किलोपर्यंत सामान आणि ५० मार्क नेण्याची परवानगी होती. निघण्याआधी सोळा पानी मालमत्तापत्रक भरावं लागे: फर्निचर, चादरी, अंगातले कपडे, बँकेतली शिल्लक, सगळं. २५ नोव्हेंबर १९४१ च्या फर्मानानं, देशाबाहेर वास्तव्य असलेल्या ज्यूचं नागरिकत्व रद्द आणि मालमत्ता सरकारजमा. म्हणजे गाडीनं सीमा ओलांडली की घर सरकारचं. पोलंडमधल्या लोड्झसारखी जी ठिकाणं जर्मनीनं स्वतःलाच जोडून घेतली होती ती ‘परदेश’ ठरेनात, तेव्हा तिथे जाणाऱ्यांसाठी ‘राष्ट्रशत्रूं’च्या मालमत्तेचा वेगळा कायदा वापरला. सामानाला परवानगी होती ती प्रवासाचा आभास टिकवण्यासाठी. ते शेवटी मालकाच्या हाती राहत नसे.

‘मुकाट्यानं चढले’

या आरोपाची सर्वांत चीड येते. एक तर कुठे नेत आहेत हे जाणूनबुजून लपवलेलं होतं. १९४४ मध्ये ऑशविट्झला पोचलेल्या हंगेरियन ज्यूंकडून ‘वाल्डझे’ या ठिकाणाचं नाव घालून खुशालीची कार्डं लिहवून घेतली. ट्रेब्लिंकाच्या फलाटाला खोट्या स्टेशनाचं रूप दिलं होतं, काटे रंगवलेल्या घड्याळासकट. वॉर्सात आपणहून हजर होणाऱ्याला तीन किलो पाव आणि एक किलो जॅम जाहीर केलं, तेव्हा तिथल्या घेटोत दीड वर्षाहून जास्त काळ उपासमार चालू होती. सोबत म्हातारे आईबाप आणि कडेवर मूल असलेल्या माणसाला पळण्याची वाट किती मोकळी असते?

तरीही ज्यांना कळलं होतं, ते झगडले. १० सप्टेंबर १९४२ ला कोलोमियाहून (आज युक्रेनमध्ये) बेल्झेकला निघालेल्या गाडीचा अहवाल तिच्यावरच्या जर्मन पोलीस अधिकाऱ्यानं लिहिला आहे. ५० च्या आसपास डबे, ८,२०० माणसं. कित्येक डब्यांत १८० ते २०० जण. उकाडा प्रचंड. अंधार पडताच लोकांनी डब्यांच्या भिंती फोडायला सुरुवात केली. वाटेत गाडी थांबवून सुतारांकडून भोकं बुजवून घेतली, ती पुन्हा फुटली. लेम्बर्गला (आजचं ल्वीव) चांगलं इंजिन काढून जुनं जोडलं. ते चढावर दमे, गाडी रखडे आणि त्या संथ वेगात लोक उड्या टाकत. पहारेकऱ्यांच्या गोळ्या संपल्या, सैनिकांकडून घेतलेल्या दोनशेही संपल्या. मग चालत्या गाडीतून दगड आणि थांबलेल्या गाडीत संगिनी, असं त्यानं स्वतः लिहिलंय. पळालेल्यांपैकी दोन तृतीयांश तरी मारले गेले असावेत, हा अंदाजही त्याचाच. ११ तारखेला संध्याकाळी गाडी बेल्झेकला पोचली, तेव्हा आतले सुमारे दोन हजार आधीच मेलेले होते.

बेल्जियममध्ये १९ एप्रिल १९४३ ला मेखलेनहून १,६०० हून अधिक लोकांना घेऊन निघालेली विसावी गाडी तिघा तरुणांनी एक पिस्तूल आणि लाल कागद लावलेला कंदील एवढ्याच्या बळावर थांबवली. एका डब्याचं दार उघडून त्यांनी १७ जणांना बाहेर काढलं. त्या रात्री आतल्यांनी स्वतः टाकलेल्या उड्या धरून २३० हून अधिक लोक गाडीबाहेर पडले. यातले निम्म्याच्या आसपास कायमचे सुटले. काही गोळीला बळी पडले, बाकीचे पुन्हा पकडले गेले.

‘रेल्वेवाल्यांना काय ठाऊक?’

हेही जोडीला येतं. रोज पाच हजारांची गाडी एकाच खेड्याकडे भरून जाते आणि रिकामी परतते, हे वेळापत्रक आखणाऱ्याला दिसत होतं. गान्झेनम्युलर युद्धानंतर अर्जेंटिनात राहिला आणि पुढे जर्मनीत परतला. १९७३ मध्ये ड्युसेलडॉर्फला त्याच्यावर खटला उभा राहिला. तो हृदयविकारानं आजारी पडला आणि खटला निकालाविनाच थांबला. १९९६ मध्ये तो वारला.