आढळून आले नाहीत

‘भेटीच्या वेळी वर्गशिक्षक अध्यापन करताना आढळून आले नाहीत.’

आमच्या शाळेच्या शेरेबुकात परवा उमटलेलं हे वाक्य. हिरवी शाई, खाली लपेटेदार सही. मी रजेवर नव्हतो, झोपलो नव्हतो, बँकेत गेलो नव्हतो. तपासणीला आलेल्या साहेबांपासून दहा पावलांवर, लिंबाखाली, पूर्ण शुद्धीत उकिडवा बसलो होतो. आढळलोही होतो, कारण साहेबांनी मला नमस्कार केला होता. फक्त ‘अध्यापन करताना’ नव्हतो.

प्रकार असा. माणदेशातली आमची जिल्हा परिषदेची शाळा, वर्ग सहावी. झेंड्याच्या खांबाची सावली नेमकी किती वाजता सर्वांत आखूड होते, यावर पोरांची पैज लागलेली. बारा वाजता, असं सगळ्यांचं म्हणणं. बारा वाजून गेले तरी सावली आखडतच चालली, तेव्हा वर्गात दोन पक्ष पडले. एक म्हणे घड्याळ चुकतंय, दुसरा म्हणे खांब वाकडा आहे. मग दर पाच मिनिटांनी खडूची खूण, टेपने माप, टॅबवर फोटो असं काम सुरू झालं. माझ्याकडे एकच काम, गप्प बसणं. ते किती अवघड असतं हे मास्तराला विचारा. फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या तेरा-चौदा मिनिटं मागे चालतो, कारण पृथ्वीचा आस कललेला आणि कक्षा लंबवर्तुळाकार, हे सगळं माझ्या जिभेच्या टोकावर होतं. तरी मी तोंड मिटून होतो.

तेवढ्यात फाटकात गाडी थांबली आणि साहेबांना सगळ्यांत आधी भेटले ते आबा.

आबांबद्दल सांगायलाच हवं. उमर मुंबईत माथाडीत गेली, आता गावी असतात. शाळेच्या कट्ट्यावर त्यांची दुपार जाते. एलईडी टीव्हीच्या लोकवर्गणीत त्यांनी पाचशे रुपये घातलेत, त्यामुळे शाळेत त्यांची भागीदारी आहे असं त्यांना वाटतं, आणि नात सहावीत असल्यामुळे मलाही तसंच वाटू लागलंय. माणूस मनाने सोन्यासारखा. परवा त्यांनी माझी बाजू घेतली.

“वर्गशिक्षक कुठे आहेत?” साहेबांनी विचारलं.

“ते काय, लिंबाखाली बसल्यात.”

“बसलेत? शिकवत नाहीत?”

“छ्या! लय सज्जन माणूस, साहेब. अजाबात शिकवत न्हाईत.”

साहेबांनी खिशातलं पेन काढलं. आबांना वाटलं, कौतुक लिहून घेतायत. त्यांना चेव आला.

“आदीचं गुर्जी हुतं, ते सकाळपासनं वरडायचं. पाढं पार माळावर ऐकू यायचं. ह्यांचा आवाज न्हाई काय न्हाई. दुपारी अंमळ डोळा लागतो आमचा.”

“मग मुलं काय करतात?”

“आपापलं करत्यात की! आन कुणी काय इचारलं तर हे सांगत न्हाईत. म्हणत्यात, तूच शोध. माजी नात म्हणली, सर, सावली बाराला बारीक का हुईना? तर म्हणं तूच शोध. आता बगा, पगार ह्यास्नी आन शोधायचं पोरीनं!” इथे त्यांना स्वतःलाच काहीतरी खटकलं असावं. घाईने म्हणाले, “पर येत असंल हं त्यास्नी. येत नसंल असं मी म्हणत न्हाई.”

मी लांबून हात हलवून त्यांना थांबायची खूण केली. त्यांनी तो रामराम समजून परत केला.

“आन मन किती मोठं म्हणाल! शाळंचा त्यो टॅब, सवता हात लावत न्हाईत. पोरांच्याच हातात. फुटला तर फुटला म्हणत्यात.”

हे मी कधीही म्हटलेलं नाही. टॅबची नोंद जडवस्तू नोंदवहीत माझ्या सहीने आहे.

साहेब पुढे आले. पाऊण वाजत आला होता, पैजेचा ऐन क्षण. आबांची नात टेप धरून जमिनीवर पालथी पडली होती, एक जण टॅब सरसावून उभा होता. साहेब नेमके सूर्य आणि खांबाची सावली यांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

“साहेब, सरका की बाजूला,” नात खालूनच म्हणाली. “तुमचं डोस्कं सावलीत घुसलंय.”

साहेब सरकले, पण चुकीच्या बाजूला. आता खडूच्या खुणांवर बूट आले. टॅबवाल्याने फोटो घेतला तो घेतलाच. त्यात खांबाच्या टोकाला साहेबांच्या डोक्याची गोल सावली आहे, झेंड्याच्या जागी नारळ बांधल्यासारखी. तो फोटो मी अजून डिलीट केलेला नाही.

“हा भूगोलाचा तास आहे?” साहेबांनी मला विचारलं. “वेळापत्रकात गणित दिसतंय.”

“मोजमाप चाललंय सर, म्हणजे गणितच...”

“घड्याळ चुकतंय, साहेब,” नात उठून फ्रॉक झटकत म्हणाली. “आपलं न्हाईच ते. मिर्झापूरचं हाय.”

“कोण म्हणालं?”

“टॅब म्हणला. साडेब्याऐंशी रेखांश तितनं जातं. अख्ख्या देशाचं घड्याळ तितलं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. पोरीने शिवी दिली असती तर ते एवढे अस्वस्थ झाले नसते. “पुस्तकात कुठल्या पानावर आहे हे?” असं विचारून, उत्तर न ऐकता ते कार्यालयाकडे वळले. पुढचं शेरेबुकात आहेच.

मला राग शेऱ्याचा नाही. म्हणजे आहेच, पण जास्त राग याचा आहे की मी जेव्हा खरोखर काहीच करत नव्हतो तेव्हा मला शाबासकी मिळायची. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ आलं, मूल स्वतःच ज्ञान रचतं म्हणणारा ज्ञानरचनावाद फरश्यांवर रंगला आणि आम्ही सगळे तंत्रस्नेही झालो. माझ्या स्लाइडमध्ये ‘अ’ छताकडून गिरक्या घेत यायचा, ‘आ’ डावीकडून घसरत यायचा आणि अननस टाळ्यांच्या आवाजात फुटायचा. लोकवर्गणीतून टीव्ही आला. मी रिमोट धरून शेजारी उभा आणि पोरं हाताची घडी घालून समोर. काय शेरे मिळाले महाराजा! ‘तंत्रज्ञानाचा प्रभावी वापर.’ ‘स्तुत्य उपक्रम.’ फळ्याजागी टीव्ही आला होता, एवढाच काय तो फरक. बोलायचं काम मी आणि टीव्ही वाटून घ्यायचो, पोरं होती तिथेच. मग २०१७ साली दीक्षा हे सरकारी शिक्षणाचं अॅप आलं, पुस्तकात क्यूआर कोड आले. कोड स्कॅन करायला मी एसटी थांब्याजवळच्या टेकाडावर जायचो, कारण रेंज तिथेच.

खरं वळण आलं ते लॉकडाऊनमध्ये. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं ठरलं. फोन बापाजवळ, बाप मेंढरांमागे. मी सकाळी पाठवलेली स्वाध्यायपत्रिका रात्री उघडली जायची, बहुधा उघडलीच जायची नाही. एका रात्री एका पोराने पत्रिकेऐवजी मेंढी व्याल्याचा व्हिडिओ टाकला. बॅटरीच्या उजेडात, स्वतःच्या समालोचनासह. “आता पाय दिसाय लागलं... पुढचं हायत, म्हंजे सरळ हाय.” त्यावर ग्रुपमध्ये प्रश्नांची झड लागली. पाय उलटे असते तर? पिल्लू लगेच उभं कसं राहतं? जुळं कसं ओळखतात? उत्तरं तोच देत होता, अडलं की आज्याला विचारून. मला कुणी विचारलंच नाही. माझ्या गिरक्या घेणाऱ्या ‘अ’ला एवढे प्रश्न कधी आले नव्हते. त्यानंतर मी कॅमेरा पोरांकडे दिला आणि माझी शेरेबुकातली पत उतरायला लागली.

त्याच वर्षी परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालं. दहा लाख डॉलर, म्हणजे सातेक कोटी रुपये. आबा चार दिवस मला सहानुभूतीने बघत होते. निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकी नऊ जणांना वाटली हे कळल्यावर म्हणाले, “मग तुमाला आलं का काय त्यातलं?”

प्रशिक्षणात आम्हाला सांगतात, तुम्ही शिक्षक नाही, सुलभक आहात, म्हणजे पोरांचं शिकणं सोपं करून देणारे. मग ‘सुलभक सुलभीकरण करताना आढळले’ एवढं लिहायला कुणाची शाई सरत होती? ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केलं, मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली, आणि कुणी त्यांच्याकडे जिओटॅग फोटो, म्हणजे ठिकाण छापलेला फोटो, मागितला नाही. इथे टॅब जेवढा वेळ पोरांच्या हातात तेवढंच तंत्रज्ञान विद्यार्थिकेंद्री. एरवी ते कार्यालयकेंद्री. पोषण आहाराची नोंद, शाळांच्या माहितीचं यू-डायस प्लस, आधारची जुळणी, पोरांचा अपार आयडी, आणि कुठेतरी एका स्पेलिंगवरून अडलेलं एक पोर, जे समोर धडधडीत बसलंय पण सिस्टिममध्ये अस्तित्वात नाही. माझ्यासारखंच, आढळून न आलेलं.

तर काल केंद्रप्रमुखांचा मेसेज आला. शेऱ्याची पूर्तता करा. अध्यापन करतानाचा जिओटॅग फोटो आजच पाठवा.

खडू घेऊन फळ्यापुढे उभा राहिलो. फोटो काढायला अर्थातच सहावी.

“सर, हात वर करा. अजून वर. तोंड उघडा, शिकवताय असं दिसू द्या.”

“पोटात घ्या, सर,” मागून कुणीतरी.

फोटो निघाला आणि आबांची नात टॅबवरून मान वर करीना. फोटोखाली तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश छापून आले होते. “सर, आपलं रेखांश हितंच हाय की! साडेचौऱ्याहत्तर!” ती खाली बसली आणि फरशीवर खडूने मांडायला लागली. साडेब्याऐंशीतून साडेचौऱ्याहत्तर गेले, राहिले आठ. अंशाला चार मिनिटं, आठ चोक बत्तीस. पण काल तर सावली पाऊण वाजता आखूड झाली होती, साहेब नसल्यामुळे व्यवस्थित मोजून. पाऊण तासातून बत्तीस गेली.

“सर, तेरा मिनिटं उरत्यात. ती कुणाची?”

आस, कक्षा, लंबवर्तुळ, सगळं पुन्हा जिभेवर आलं. मी ओठ घट्ट मिटले. नेमका त्याच वेळी टॅबवाल्याने, पहिला हलला होता म्हणून, दुसरा फोटो काढला आणि तोच पाठवून दिला.

केंद्रप्रमुखांचं उत्तर पाचच मिनिटांत आलं. “तोंड बंद दिसत आहे. पुन्हा पाठवा.”