फी माफ केली म्हणजे गळती थांबेल?
अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांतली (दोन वर्षांच्या पदवीची सरकारी कॉलेजं) विद्यार्थ्यांची गळती निव्वळ फीमुळे, हे लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये ‘असॅप’ सुरू केलं, म्हणजे अशा विद्यार्थ्यांनी पदवी वेळेत पुरी करावी म्हणून मदतीची योजना. इतर मदतीतून न भागलेली फी, पुस्तकं, मेट्रोकार्ड (मेट्रो-बसचा पास) हे सगळं त्यात होतंच, पण खरी मेख सल्लागारात. एरवी एका सल्लागाराच्या गळ्यात ६०० च्या वर विद्यार्थी, इथे सुरुवातीच्या वर्षांत ६० ते ८० होते. मग रेमेडियल गणित (कच्चा पाया भरून काढायचा वर्ग) कोण पुढे ढकलतंय, हे सल्लागाराच्या वेळीच लक्षात येतं. मेट्रोकार्डही सल्लागाराच्या भेटीगाठींशी बांधलेलं (नामी युक्ती!). एमडीआरसी या संशोधन संस्थेच्या पाहणीत तीन वर्षांत पदवी मिळवणारे ४० टक्के निघाले, योजनेबाहेरचे २२. माणशी खर्च वाढला खरा, पण एका पदवीमागचा उतरला. त्यावर लेखात अवाक्षर नाही!