खापरपणजीचं माहेरचं नाव काय होतं?

जुनी वंशावळ उघडून बघा. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा. चार पिढ्यांत आपले थेट पूर्वज होतात ३०: आधी २, मग ४, ८ आणि १६. त्यांत १५ बायका. वंशावळीत मात्र चारच नावं, चारही पुरुषांची. एवढ्यालाच ‘घराण्याचा इतिहास’ म्हणणं मला अजिबात पटत नाही. शोध आईकडून वर चढायला हवा, आणि तो लगेच सुरू करायला हवा. कागद पुढच्या वर्षीही सापडतील, पण नव्वदीतल्या आत्याची आठवण तोवर शाबूत राहीलच असं नाही.

अडतं ते माहेरच्या नावाशी. लग्नानंतर आडनाव बदललं असेल, तर आई, तिची आई, मग तिची आई असं वर जाताना दर पायरीला नवं घराणं सुरू होतं. अशा वेळी तिचा भाऊ शोधावा, कारण त्याचं आडनाव बहुधा तेच राहिलेलं असतं. तिच्या लग्नाच्या नोंदीतले साक्षीदार, मुलांच्या जन्मनोंदी, तिच्या वडिलांचं मृत्युपत्र, मृत्यूची खबर देणाऱ्याचं नाव, या जागा आधी पाहा. मृत्यूच्या नोंदीतलं वय आणि आईवडिलांची नावं मात्र पडताळल्याशिवाय धरू नका. ती माहिती दुसऱ्या कुणीतरी, बऱ्याचदा दुःखात आणि घाईत, दिलेली असते. दोन भावंडांच्या जन्मांत सहा-सात वर्षांचं अंतर दिसलं तर आई एकच होती का, हेही तपासावं. पहिली बायको आणि दुसरी बायको यांची एकच बाई करून टाकण्याची चूक फार होते.

डीएनए चाचणीबद्दल अनेकजण विचारतात. मायटोकॉन्ड्रियल डीएनए आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढे जातो तो फक्त मुलींकडून. म्हणजे आई, तिची आई, मग तिची आई, ही ओळ अगदी हीच. पण तो फार हळू बदलतो. दोघांचा जुळला तरी त्यांची समान पूर्वज शेकडो, कधी हजारो वर्षांपूर्वीची असू शकते. दोन बायका एकाच आईच्या मुली नव्हत्या, हे त्यातून कळू शकेल. नाव कळणार नाही.

आता फोटो. साल ठरवायला सगळे आधी आजीचे कपडे बघतात आणि तिथेच फसतात. वयस्क बाई बहुतेक वेळा आपल्या तरुणपणीच्या पद्धतीचे कपडे घालते, शिवाय ठेवणीतला पोशाख वीस वर्षंही टिकतो. त्यापेक्षा फोटोतलं सगळ्यात लहान मूल शोधा. ते कोण हे कळलं आणि त्याचं जन्मसाल माहीत असलं, तर उत्तर वर्ष-दीड वर्षाच्या फरकाने हाती येतं. फोटो पुठ्ठ्यावर चिकटवलेला असेल तर पुठ्ठा मोजा. साधारण ६४ × १०० मिलिमीटर म्हणजे ‘कार्त द व्हिझीत’, भेटकार्डाएवढा फोटो, ज्याचं पेटंट पॅरिसमध्ये १८५४ साली घेतलं गेलं. १०८ × १६५ च्या आसपास असेल तर १८६० च्या दशकात आलेलं कॅबिनेट कार्ड. यावरून फोटो कधीच्या आधीचा नाही एवढंच ठरतं. पत्र्यावरचे टिनटाइप फोटो डावं-उजवं उलटलेले असतात, म्हणून अंगठी कोणत्या हातात आहे यावरून निष्कर्ष काढू नका.

एकोणिसाव्या शतकातल्या काही फोटोंत बाळ एका झाकलेल्या खुर्चीवर बसलेलं दिसतं. नीट पाहिलं तर त्या कापडाखाली माणसाचा आकार असतो. कॅमेऱ्यापुढे काही सेकंद स्थिर राहावं लागे, म्हणून बाळाला धरून ठेवायला बहुधा आईच कापड पांघरून बसायची. अशा फोटोच्या नोंदीत ‘बाळ आणि (बहुधा) आई’ असं लिहा. ती त्या फोटोत आहे.

फोटो दाखवून विचारताना सगळ्यात मोठी चूक म्हणजे नाव आपणच आधी सांगणं. “ही यमूमावशी ना?” असं विचारलं की समोरची व्यक्ती हो म्हणते, आणि ते हो पुढे पुरावा होऊन बसतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० जणांना त्यांच्या लहानपणीच्या बलूनसफरीचा बनावट फोटो दाखवला होता. तीन मुलाखतींनंतर त्यांतल्या निम्म्यांना न घडलेली ती सफर थोडीफार ‘आठवली’. म्हणून फक्त “हे कोण?” एवढंच विचारा आणि थांबा. दहा आकडे मनात मोजा, मध्ये बोलू नका. दोन बहिणींना आधी वेगवेगळं विचारा, एकत्र नंतर बसवा. साल विचारू नका, “धाकट्याच्या जन्माआधी की नंतर?” असं विचारा. “आयुष्य कसं होतं?” या प्रश्नाला काहीच हाती लागत नाही. त्यांना घराचा नकाशा काढायला सांगा: कोण कुठे झोपायचं, पहाटे आधी कोण उठायचं. बायकांची नावं तिथे भराभर येतात. पाऊण तास पुरे. आवाज परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि त्यांनी बंद कर म्हटलं की खरंच बंद करा.

स्कॅन ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके), पासपोर्टएवढा फोटो असेल तर १२०० ला; काळापांढरा असला तरी रंगीत मोडमध्ये, तपशील न गमावणाऱ्या टिफ फाइलमध्ये. मागची बाजूही स्कॅन करा. व्हॉट्सॲपवर पाठवायचा तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तपशील जातो. फोटो काचेला चिकटला असेल तर ओढू नका. दमटपणाने जिलेटिनचा थर काचेला धरलेला असतो, ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकटच स्कॅन करा. चिकट पानांच्या अल्बममधून फोटो सहज सुटत नसेल तर पूर्ण पान स्कॅन करा. मागे लिहायला बॉलपेन नको, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. मऊ पेन्सिल घ्या आणि कडेला हलक्या हाताने लिहा. प्लास्टिकसारख्या गुळगुळीत कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत ठेवा.

नोंदीत नाव, ते कुणी सांगितलं, कधी सांगितलं आणि सांगणाऱ्याला किती खात्री होती, हे चारही हवं. नाव कळलंच नाही तर अंदाजाने भरू नका. ‘मागची रांग, डावीकडून तिसरी, अनोळखी’ असं लिहून तो फोटो तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईच्या मुलीला दाखवा.