काटा खाली आणून देणार नाही, पण ऑइल मीटरची चूक आमचीच

नमस्कार दादा. तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. जुन्या पिकअपला दोन मीटर बसवायचे 7,400 रुपये घेतले, टेम्परेचरचा काटा घाटात 98 दाखवतो, ऑइल प्रेशरचा काटा सिग्नलला खाली येतो आणि कसारा घाटात तर शून्यावर पडला, भरली गाडी दोन तास रस्त्याकडेला उभी राहिली, आणि वागळे इस्टेटमध्ये डुप्लिकेट माल विकतात, असं तुम्ही लिहिलंय. डुप्लिकेटचं सोडलं तर बाकी घडलंय ते खरं आहे.

आधी आमची चूक. ऑइल प्रेशरच्या या सेंडरला, म्हणजे इंजिनावर बसून काट्याला माप पाठवणाऱ्या सेन्सरला, वायर एकच येते. अर्थिंग, म्हणजे करंटची परतीची वाट, त्याला आट्यांतून, इंजिनाच्या लोखंडातून मिळते. आमच्या पोराने तेल गळू नये म्हणून त्या आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप चार वेढे मारली. गॅरेजमध्ये काटा नीट चालला. घाटात हादरे बसले, अर्थिंग सुटलं आणि काटा झोपला. मंगळवारी सेंडर तुमच्यासमोरच खोलला, टेप तुम्ही पाहिलीत. पोराला बोलून उपयोग नाही, गाडी सोडायच्या आधी मी स्वतः बघायला हवं होतं.

तुम्ही लगेच इंजिन बंद केलंत हे उत्तम केलंत. पुन्हा असं झालं तरी आधी बंदच करा, मग बॉनेट उघडा. एक सांगून ठेवतो: ऑइलचा दाब पडला की पेटणारा कंपनीचा जुना लाल दिवा आम्ही टी (तीन तोंडांचा जोड) टाकून मुद्दाम चालू ठेवलाय. काटा शून्यावर आणि दिवा विझलेला असेल, तर संशय वायरिंगवर घ्यायचा. हीच टेप टी च्या आट्यांवरही असती तर दिवाही मुका झाला असता. हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

माजिवड्याच्या सिग्नलला ऑइलचा काटा 1 बारवर (बार म्हणजे दाबाचं माप) येतो, त्यात मात्र बिघाड काही नाही. पंप इंजिनावर फिरतो, स्लोवर फेऱ्या कमी, त्यात तेल तापून पातळ झालेलं. रेस दिली की 3 च्या वर जातो ना? मग झालं.

आता टेम्परेचर. मंगळवारी शेजारच्या टपरीवरून पातेलं आणलं, टेम्परेचरचा सेंडर वायरने अर्थिंग देऊन उकळत्या पाण्यात धरला. काटा 100 च्या रेघेला केसभर कमी थांबला. पातेल्याला आल्याचा वास होता एवढंच. डुप्लिकेट मीटर इतकं खरं बोलत नाही, दादा.

तुमचं म्हणणं, कंपनीचा काटा तर मधोमध होता. बऱ्याच गाड्यांत तो साधारण 80 पासून 100 पर्यंत मधोमधच ठेवलेला असतो, म्हणजे गिऱ्हाईक उगाच घाबरत नाही. तो हलायला लागतो तोवर बराच उशीर झालेला असतो. माल भरून घाट चढताना 98 चालतं. रेडिएटरचं झाकण चांगलं असेल तर आत 1 बारच्या आसपास दाब राहतो आणि पाणी 100 ला उकळत नाही. 105 च्या पुढे जाऊ लागला तर मात्र गाडी बाजूला घ्या.

तुम्ही म्हणालात, ‘रेझिस्टन्स टाकून काटा मध्ये आणून द्या, मी पाच स्टार देतो.’ वीस रुपयांचं काम आहे, दहा मिनिटांत होतं. मी करणार नाही. काटा खोटा बोलेल, उद्या इंजिन तापून हेड गॅसकेट गेलं की तुम्ही माझ्याच दारात येणार, आणि तेव्हा मला बोलायला तोंड नसेल. दुसरीकडे कोणी करून दिलं तर निदान ड्रायव्हरला सांगून ठेवा.

सेंडर टेप न लावता नवीन वॉशरवर बसवलाय, लेबरचे 1,200 त्याच दिवशी परत केलेत. घाटात मेकॅनिकला दिलेले 500 पण सांगा, पाठवतो, पावती नसली तरी चालेल. मीटरचे पैसे परत मिळणार नाहीत, मीटर चांगले आहेत.

आणि हो, रेडिएटरच्या जाळीत चिखल आणि किडे भरलेत. नळाच्या पाण्याने धुवून घ्या, पंख्याच्या बाजूने पुढे, पाण्याचा जोर बेताचा ठेवून, नाहीतर पत्रे वाकतात. घरीच करा, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही.