पौष्टिक खायला फक्त अक्कल लागते? आधी हा हिशोब बघा

महिनाभरात एकच संदेश मला चार वेळा आला. नातेवाइकांच्या ग्रुपवर दोनदा, भिशीच्या ग्रुपवर एकदा आणि काल तर माझ्याकडून डबा घेणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडून. मजकूर थोडक्यात असा: ‘पौष्टिक खायला पैसे लागत नाहीत, अक्कल लागते. भाकरी, उसळ, पालेभाजी हे सगळ्यात स्वस्त खाणं. वडापावला पैसे आहेत आणि फळांना नाहीत, ही गरिबी नव्हे, सवय आहे. आपले आजी-आजोबा गरीबच होते, तरी ठणठणीत जगले. आता तर रेशनही फुकट आहे.’

मी सांगलीत बारा वर्षं जेवणाचे डबे देते. भाजी रोज मीच आणते, डाळी मीच भरते, आणि कुठल्या महिन्यात कशाचा भाव चढला हे मला वहीत न बघता सांगता येतं. हा संदेश वाचून मला राग आला. तो ज्यांच्याबद्दल आहे त्यातल्या दोघी रोज माझ्या स्वयंपाकघरात काम करतात.

‘सगळ्यात स्वस्त खाणं.’ कशाच्या मानानं स्वस्त? मेथीची पेंडी हंगामात दहा रुपयांना मिळते. निवडून दीड-दोनशे ग्रॅम पाला उरतो, त्यातून शंभरच्या आतच कॅलरी मिळतात. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यात साडेचारशेच्या आसपास असतात. मेथीत लोह आहे, जीवनसत्त्वं आहेत, बिस्किटात साखर आणि मैदा आहे, हे पुडा घेणाऱ्या बाईलाही माहीत असतं. पण दुपारी तीनला पोटात कावळे ओरडतात तेव्हा भूक कॅलरीच मागते. अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या अभ्यासकांनी 2012 मध्ये हेच मांडलं होतं: किलोवर मोजलं तर भाज्या-फळं स्वस्त दिसतात, कॅलरीवर मोजलं तर तीच महाग ठरतात. म्हणजे ‘पालेभाजी स्वस्त’ हे मंडईतल्या वजनकाट्यावर खरं आहे. ज्याला मोजक्या पैशात चार पोटं भरायची आहेत, त्याचा काटा वेगळा असतो.

आता पूर्ण ताटाचा हिशोब करू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2024 मध्ये आहाराच्या मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यातल्या 2000 कॅलरींच्या ताटात एका माणसाला दिवसाला 400 ग्रॅम भाज्या, 100 ग्रॅम फळं, 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं, 300 मिली दूध किंवा दही, 35 ग्रॅम शेंगदाणे-तीळ-सुकामेवा, 27 ग्रॅम तेल आणि 250 ग्रॅम धान्य आहे. घरात चार मोठी माणसं धरा. महिन्याला 48 किलो भाजी, 12 किलो फळं, 10 किलोच्या वर डाळ, 36 लिटर दूध, चार किलोच्या वर शेंगदाणे, सव्वातीन किलो तेल. भाव मी मुद्दाम हात राखून धरते. किलोला भाजी 40 रुपये, फळं 60 (म्हणजे केळी-पेरूच, सफरचंद विसरा), डाळ 120, शेंगदाणे 130, तेल 150, आणि दूध लिटरला 55. बेरीज 6876 रुपये. यात धान्य नाही, गॅस नाही, मीठ-मसाला-चहा काही नाही.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर दिवसाला 312 रुपये होता. वरची रक्कम म्हणजे बावीस दिवसांची मजुरी. घरात दोघं कमावते असले तरी भाडं, मुलांची फी, दवाखाना, बचतगटाचा हप्ता उरतोच. आणि दिवसभर उसात राबणाऱ्याला 2000 कॅलरी पुरत नाहीत, त्याचं ताट याहून मोठं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या अंदाजानुसार 2022 मध्ये भारतातल्या 55.6 टक्के लोकांना पौष्टिक आहार परवडत नव्हता. निम्म्याहून जास्त देशाला अक्कल नाही, असं कुणाला म्हणायचं आहे का?

भाकरीचंही तेच. ‘गरिबाची भाकरी’ म्हणायची आपल्या तोंडाला सवय आहे, पण भाकरीची चांगली शाळू ज्वारी मी गव्हापेक्षा जास्त भावानं घेते, कित्येक वर्षं घेते आहे. भाकरीचा डबा मला चपातीच्या डब्यापेक्षा महाग द्यावा लागतो.

वडापावचं फार लांबवत नाही. फळं सोडून वडापाव घेतात असं नसतं. वडापाव जेवणाच्या जागी असतो. त्याला गॅस लागत नाही, भांडी लागत नाहीत, कडधान्य आदल्या रात्री भिजत घालायची आठवण ठेवावी लागत नाही. पहाटे उसाच्या फडात उतरणाऱ्या आणि कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, राहणाऱ्या बाईला मोड आलेल्या मटकीचे फायदे सांगण्याआधी तिच्या चुलीला जळण आहे का ते विचारावं.

‘आजी-आजोबा गरीब होते तरी ठणठणीत.’ या वाक्यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण लोकांना ते सगळ्यात जास्त पटतं. एक तर 1970 च्या सुमारास भारतात सरासरी आयुर्मान पन्नाशीच्या आसपास होतं. जे ठणठणीत राहिले तेच आपल्याला आजोबा म्हणून दिसले. बाकीचे लवकर गेले. 1972 च्या दुष्काळात माणसांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, मदतीत मिळणारी सुकडी खाल्ली, रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळल्या. दुष्काळी जत-आटपाडीकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या खाण्याला पौष्टिक म्हणतात का ते.

दुसरं असं, की माझी आजी खात होती ती भाजी विकतची नव्हतीच. तांदूळजा, पाथरी, चिघळ बांधावरून यायची. दारात शेवगा होता, गोठ्यात म्हैस होती, ताक शेजारी मागायला आलं तर पैसे घ्यायची रीत नव्हती. शेंगा घरच्या, हुलगे घरचे. भाकरीबरोबर कोरड्यास काय करायचं हे खिसा बघून ठरत नव्हतं. आज वाळवा-पलूसकडं बांधापर्यंत ऊस आहे, त्यात तणनाशक मारलं की तणाबरोबर तांदूळजाही जातो. ज्याला जमीन नाही, जो सांगली-मिरजेत दहा बाय दहाच्या खोलीत राहतो, त्याला तीच भाजी पेंडीवर विकत घ्यावी लागते. आजीचं ताट आणि त्याचं ताट दिसायला सारखं असेल, पण आजीच्या ताटाला बाजारभाव लागू नव्हता.

राहिलं रेशन. ते जरूर मिळावं, त्यानं घरं तगली आहेत. पण अन्न सुरक्षा कायद्याखालचं प्राधान्य गटाचं धान्य माणशी महिन्याला पाच किलो आहे, 2023 पासून मोफत. चौघांचं वीस किलो होतं, वरच्या ताटाला तीस लागतं. आणि ते बहुतेक गहू-तांदूळच. ताटातला जो भाग आधीच स्वस्त होता तो फुकट झाला. डाळ, दूध, भाजी, फळं खिशातूनच.

संदेशात खरं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. ओट्स, क्विनोआ, प्रोटीनचे डबे यांची गरज नाही हे बरोबर. अख्खा मसूर, हुलगा, शेंगदाण्याची चटणी, अंडं यांच्याइतकं पैशाला पुरून उरणारं दुसरं काही मला माहीत नाही, माझे डबे त्यांच्यावरच चालतात. अकलेचा मुद्दाही खरा आहे, पण तो ज्यांच्याकडं पैसे आहेत त्यांना लागू होतो. माझ्या गिऱ्हाइकांत भाजी तशीच परत पाठवणारे आहेत, आणि त्यांचा पगार चांगला आहे.

10 देशांतल्या 27 अभ्यासांचा एक आढावा 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या आणि वाईट आहारात माणशी दिवसाला साधारण दीड डॉलरचा फरक निघाला. ते देश बहुतेक श्रीमंत. आढावा घेणाऱ्यांनी म्हटलं, बऱ्याच घरांना हा फरक थोडाच आहे, पण गरीब घरांना तो जड जातो. माझ्याकडं भांडी घासणारी बाई संध्याकाळी साडेसातला मंडईत जाते. उठत्या बाजारात उरलेली भाजी निम्म्या भावात मिळते म्हणून ती तासभर थांबते, मग चालत घरी जाते आणि नऊला चूल पेटवते. काल तिला वांगी आणि थोडी सुकलेली मेथी मिळाली.