बारा निवडले, सहा खेळले

जुलै 2025 मध्ये जर्मनीत ऱ्हाईन-रुहर भागात जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धा झाल्या. आपल्या बॅडमिंटनच्या मिश्र संघानं तिथं ब्राँझ मिळवलं. संघासाठी निवडलेले खेळाडू होते बारा. खेळता आलं सहाजणांना. बाकीच्या सहाजणांना ना दुखापत झाली होती, ना कुठलं डोपिंगचं लचांड होतं. स्पर्धेआधी व्यवस्थापकांची बैठक असते, तिच्यात आपल्याच पदाधिकाऱ्यांनी सगळी नावं नीट दिली नाहीत. झालं. पोरं एवढ्या लांब जाऊन बाहेर बसली. नंतर खेळाडूंनीच समाजमाध्यमांवर आरडाओरडा केला, चौकशी बसली, एका पदाधिकाऱ्याचं निलंबन झालं आणि विषय थंडावला.

ही बातमी वाचून ओळखीतल्या बऱ्याच जणांनी कपाळावर हात मारला. मला राग आला, पण नवल मात्र काडीचं वाटलं नाही.

मी विद्यापीठाकडून दोनदा पश्चिम विभागाची कबड्डी खेळलोय. बरीच वर्षं झाली. दुसऱ्या वर्षी आमचा लेफ्ट कॉर्नर असा होता की चढाईपटूचा घोटा त्याच्या हातात आला की विषय संपला. एकतीस तासांचा रेल्वे प्रवास करून आम्ही पोहोचलो. आयोजकांच्या टेबलावर एलिजिबिलिटी फॉर्म तपासले गेले, तेव्हा कळलं की त्याच्या फॉर्मवर विद्यापीठाचा शिक्काच नाही. सही होती, फोटो होता, बारावीची गुणपत्रिका होती. शिक्का मारायचा राहिला, कारण निघायच्या आदल्या दिवशी क्रीडा विभागातला कारकून रजेवर होता. आमच्या मॅनेजर सरांनी फोन केले, विनवण्या केल्या. काही उपयोग झाला नाही. तो तीन दिवस आमच्या पाण्याच्या बाटल्या भरत राहिला. आम्ही दुसऱ्या फेरीत हरलो. तो असता तर जिंकलो असतो असं मी म्हणत नाही, पण त्याचं ते शेवटचं वर्ष होतं.

खेळाडूला एवढा कागदाचा धसका का, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. केंद्र सरकारच्या क्रीडा कोट्यातल्या नोकरीसाठी आंतरविद्यापीठ स्पर्धेत विद्यापीठाचं प्रतिनिधित्व केल्याचं प्रमाणपत्र चालतं. त्याचा ठरावीक नमुनाही आहे. खेड्यातून आलेल्या कितीतरी मुलामुलींसाठी झोनल, म्हणजे विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा, ही पदकासाठी नंतर, आधी त्या कागदासाठी. आमच्या लेफ्ट कॉर्नरचा त्या वर्षीचा कागद शिक्क्यापायी गेला.

तर हे सगळं चालवतं कोण? नाव आहे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, मैदानावरच्या भाषेत एआययू. 1925 साली इंटर-युनिव्हर्सिटी बोर्ड म्हणून सुरू झालेली ही संस्था, 1973 पासून आताच्या नावानं ओळखली जाते. ती सरकारी खातं नाही, नोंदणीकृत संस्था आहे आणि तिचे सभासद म्हणजे विद्यापीठं. परदेशी पदवी आपल्याकडच्या पदवीच्या बरोबरीची आहे की नाही याचा दाखला जी संस्था वर्षानुवर्षं देत होती, तीच विभागीय स्पर्धा कुठल्या विद्यापीठात भरवायच्या ते ठरवते, ऑल इंडिया म्हणजे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा घेते आणि जागतिक विद्यापीठ स्पर्धांना भारताचा संघ पाठवते. अध्यक्ष कुणीतरी कुलगुरू असतात आणि ते दर वर्षी बदलतात. एका वर्षात माणसाला कार्यालयातल्या चहावाल्याचं नाव पाठ होतं, कारभार कळायला वेळ कुठून मिळणार?

कुलगुरूंबद्दल मला आकस नाही. पण कुलगुरूंच्या संस्थेत खेळाडू कुठे बसतो? बॅडमिंटनपटूनं एआययूच्या कुठल्या सभेत हात वर करून विचारायचं, की बैठकीत माझं नाव का दिलं नाही? तिथं सभासद तो नाहीच, त्याचं विद्यापीठ आहे. विद्यापीठाला विचारावं तर ते दिल्लीतल्या एआययूकडे बोट दाखवतं.

दिल्लीतही दोन दारं आहेत. आपल्या राज्यघटनेत क्रीडा हा विषय राज्यसूचीत आहे, नोंद 33. तिथं खेळ आणि करमणूक एकाच ओळीत बसवलेत. शिक्षण 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं समवर्ती सूचीत गेलं. विद्यापीठं शिक्षण मंत्रालय, यूजीसी आणि राज्याच्या उच्च शिक्षण खात्याच्या छत्राखाली. खेळाचे पैसे मात्र युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाकडे, आणि एआययूला राष्ट्रीय क्रीडा प्रोत्साहन संस्था म्हणून मान्यता देतं तेही हेच मंत्रालय. शिक्षणवाल्यांना वाटतं हे क्रीडा खात्याचं काम. क्रीडावाल्यांना ऑलिंपिकची पदकं दिसतात, आणि ती महासंघांमार्फत येतात. मुलगा सकाळी लेक्चरला आणि संध्याकाळी मैदानावर. दोन्ही खात्यांचा, म्हणून कुणाचाच नाही.

आता पैशाचं बघू. खरी मेख तिथं आहे.

खालून जाणारा पैसा विद्यार्थ्याच्या फीतून जातो. महाविद्यालयाच्या पावतीवर जिमखाना किंवा क्रीडा शुल्क असतं. आपल्या महाराष्ट्रात कित्येक ठिकाणी त्याशिवाय अश्वमेधचंही शुल्क असतं, राज्यातल्या आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सवासाठी. रक्कम इतकी किरकोळ की कुणी विचारत नाही. त्यातला वाटा विद्यापीठाकडे जातो आणि त्यातून संघांचा टीए-डीए म्हणजे प्रवासखर्च आणि भत्ता, ट्रॅकसूट, सराव शिबिर, यजमानपद असं सगळं भागवायचं. म्हणजे आपल्याकडच्या विद्यापीठ क्रीडेचा रोजचा गाडा चालवते ती कधीच मैदानावर न गेलेली, बी.कॉम.ला असलेली एखादी मुलगी. तिला त्याचा हिशेब कुणी दाखवलाय? मी शिकत असताना मला कुणी दाखवला नव्हता, आणि सोसायटीत देखभाल खर्चाच्या पै-पैचा हिशेब मागणारे माझे वडील या शुल्काबद्दल एक शब्द बोलले नव्हते.

वरून येणारा पैसा वेगळा. 2025-26 च्या अर्थसंकल्पात खेलो इंडियासाठी 1000 कोटी रुपयांची तरतूद होती. त्या योजनेत निवडलेल्या खेळाडूवर वर्षाला 6.28 लाख खर्च धरलाय, त्यातले महिन्याला 10 हजार हातखर्चाला. फार चांगली गोष्ट आहे, कुत्सितपणे म्हणत नाही. त्याच योजनेतून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा सुरू झाल्या. पहिल्या 2020 मध्ये भुवनेश्वरला, मग बंगळुरू, उत्तर प्रदेश, ईशान्य भारत आणि 2025 च्या अखेरीस राजस्थान. टीव्हीवर प्रक्षेपण, नीट राहण्या-खाण्याची सोय, शुभंकर, उद्घाटनाला मंत्री. भुवनेश्वरला आपलं पुण्याचं सावित्रीबाई फुले विद्यापीठ दुसरं आलं होतं. सुवर्णपदकं पंजाब विद्यापीठाइतकीच, सतरा, फक्त रौप्य कमी पडली. त्या आठवड्यात मी ओळखीच्या प्रत्येकाला ती पदकतालिका पाठवली होती.

पण हा पैसा दहा-बारा दिवसांचा आहे. त्या स्पर्धेपर्यंत पोहोचणारा संघ आधी आंतरमहाविद्यालयीन खेळतो, मग विद्यापीठ निवड चाचणी, मग झोनल, मग ऑल इंडिया. तो सगळा जिना तिकिटाच्या वेटिंग लिस्टवर आणि वर्गखोलीत टाकलेल्या गाद्यांवर चढायचा असतो. शेवटच्या पायरीवर गालिचा. झोनलमध्येच बाहेर पडणारे, म्हणजे बहुसंख्य, त्या गालिच्यावर कधी पाऊल ठेवत नाहीत. आणि ज्या महाविद्यालयात शारीरिक शिक्षण संचालकाचं पद वर्षानुवर्षं रिकामं आहे, तिथल्या पोरांना पहिली पायरीच नाही.

बक्षिसाचंही तेच. 1956-57 पासून मौलाना अबुल कलाम आझाद करंडक आहे, आपण माका ट्रॉफी म्हणतो. वर्षभरात सर्वांत चांगली कामगिरी करणाऱ्या विद्यापीठाला तो राष्ट्रीय क्रीडा पुरस्कारांबरोबर राष्ट्रपतींच्या हस्ते मिळतो. अमृतसरच्या गुरुनानक देव विद्यापीठानं तो वीसपेक्षा जास्त वेळा नेलाय. 2024 चा मान चंडीगड विद्यापीठाला मिळाला, ते खासगी आहे. (पंजाब विद्यापीठ चंडीगडमध्ये आणि चंडीगड विद्यापीठ मोहाली जिल्ह्यात, हा घोळ मलाही दोनदा तपासावा लागला.) आता खासगी विद्यापीठांना नावं ठेवणं सोपं आहे. ‘तयार खेळाडू उचलतात, फी माफ करतात, वसतिगृह देतात आणि पदकं मोजतात,’ असं आमच्याकडचे जुने मास्तर तावातावानं म्हणतात. खरं आहे, पण मुलीला फीमाफी, खोली, जिम आणि फिजिओ मिळत असेल तर तिनं नाही का म्हणावं? भुवनेश्वरच्या कीट विद्यापीठाची द्युती चंद 2019 मध्ये नेपल्सच्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत शंभर मीटरचं सुवर्ण जिंकून आली. ते विद्यापीठ खासगी आहे म्हणून त्या पदकाचं वजन घटत नाही. माझा आक्षेप एवढाच की हा करंडक ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी देतो. गडचिरोली किंवा नांदेडच्या विद्यापीठानं स्वतःच्या दहा तालुक्यांतून किती नवी मुलं मैदानावर आणली, याला त्यात फारसं मोल नाही.

एकेकाळी हे चित्र निराळं होतं. क्रिकेटमधली आंतरविद्यापीठ रोहिंटन बारिया ट्रॉफी 1935 पासूनची. अजित वाडेकर आणि सुनील गावसकर मुंबई विद्यापीठाकडून तिच्यात धावांचे डोंगर रचून वर आले. आज क्रिकेटमधली किती पोरं कॉलेजच्या संघाकडे ढुंकून बघतात? ज्या खेळाला स्वतःचा पैसा आणि स्वतःची शिडी मिळाली, त्याला विद्यापीठाची गरज उरली नाही. उलट ॲथलेटिक्स, तिरंदाजी, कुस्ती, हँडबॉल यांना विद्यापीठ हीच शिडी. जर्मनीत भारताला बारा पदकं मिळाली, त्यांतली सुवर्णं दोन, आणि दोन्ही कंपाउंड तिरंदाजीत. एक आपल्या साहिल जाधवचं. पुण्याच्या वैष्णवी आडकरनं टेनिस एकेरीत ब्राँझ आणलं. या स्पर्धांत भारताला टेनिसचं पदक त्याआधी मिळालं होतं ते 1979 मध्ये, नंदन बाळ यांना. जर्मनीच्या दोन वर्षं आधी, 2023 मध्ये चीनमधल्या चेंगदूला, आपली पदकं सव्वीस होती. ही सगळी मंडळी बातमीत एका परिच्छेदात आटोपली, कारण मथळा बाहेर बसलेल्या सहाजणांचा होता. त्या घोळानं त्यांचंही नुकसान केलं, हे कुणी बोलत नाही.

अमेरिकेचं उदाहरण देणारे कॉमेंटमध्ये येतीलच, म्हणून आधीच सांगतो. तिथं विद्यापीठांचे खेळ चालवणारी एनसीएए ही संघटना आहे, टीव्हीचा पैसा आहे, आणि जून 2025 मध्ये न्यायालयानं मान्य केलेल्या तडजोडीनुसार एकेक विद्यापीठ खेळाडूंना वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलरपर्यंत वाटू शकतं. ते फुटबॉल-बास्केटबॉलचं साम्राज्य आहे. आपल्या हँडबॉलच्या झोनलला दोनशे माणसं येतात, त्यातली दीडशे यजमान वसतिगृहातली. तो नमुना इथं लागत नाही.

सगळं मंत्रालयाच्या ताब्यात द्या, असंही मी म्हणणार नाही. साहेब बदलला की फाईल बदलते, हे आपण पाहिलंय. पण ऑगस्ट 2025 मध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. त्यात राष्ट्रीय महासंघांच्या कार्यकारिणीत खेळाडू असलेच पाहिजेत, असं लिहिलंय. मग विद्यापीठांचा संघ निवडणाऱ्या टेबलाभोवती एक-दोन माजी विद्यापीठ खेळाडू बसवायला कुणाची हरकत आहे? त्यांना फॉर्मवरच्या शिक्क्याची किंमत ठाऊक असते. व्यवस्थापकांच्या बैठकीत यादी देण्याआधी त्यांनी ती तीनदा वाचली असती, एवढं मी लिहून देतो.

दुसरी मागणी आणखी क्षुल्लक आहे. प्रत्येक विद्यापीठानं दर वर्षी आपल्या संकेतस्थळावर एक पान टाकावं. क्रीडा शुल्क किती जमलं, प्रवासावर किती गेलं, प्रशिक्षकांवर किती, साहित्यावर किती, उद्घाटनाच्या मांडवावर आणि हारतुऱ्यांवर किती. आमच्या एका यजमानपदाच्या वर्षी मांडव खरंच देखणा होता. मॅट मात्र एका कोपऱ्यात फाटलेली होती, तिला चिकटपट्टी लावली होती.

माझा पुतण्या यंदा विद्यापीठाच्या संघात आलाय. परवा त्याचा फोन आला, काका, वेस्ट झोनला काय काय नेऊ? शूज, नी-कॅप, दोन टी-शर्ट, सर्दीच्या गोळ्या सगळं सांगितलं. मग म्हटलं, फॉर्मची रंगीत झेरॉक्स काढ, तीन प्रती, एक बनियनच्या आतल्या खिशात ठेव. आणि गाडीत बसायच्या आधी शिक्का बघ. तो हसला. म्हणाला, आता सगळं ऑनलाइन असतं काका. मी म्हटलं, तरी बघ.