तीनशे मीटर घेऊन फेरीवर

मनगटावर रोलेक्सचे 40 मिलिमीटरचे सबमरीनर असेल तर आधी ते उतरवून खिशात घाला. 2020 च्या सप्टेंबरात कंपनीने हे घड्याळ नव्याने घडवले आणि त्याचा व्यास 41 मिलिमीटर केला. एका मिलिमीटरने माणूस किती मागे पडतो ते काकीच्या मुलीच्या लग्नात, पंगतीत शेजारच्याचे मनगट दिसले की कळेल.

पैसे घेऊन दुकानात गेलो की घड्याळ मिळते, असे समजू नका. पैसे कोणाकडेही असतात. आधी यादीत नाव घालायचे आणि मग आपली लायकी सिद्ध होईपर्यंत थांबायचे. धीर नसेल तर कोणाचे तरी वापरलेले घ्या, ते नव्यापेक्षा महागही पडू शकते. त्यात लाजण्यासारखे काही नाही. मोसमातल्या पहिल्या मानकुराद आंब्याचा भाव ऐकून आपण हाय खातो, आणि डझनभर बांधून घेतोच की.

घड्याळ आले की हात हलवायला शिका. हे ऑटोमॅटिक आहे, मनगट हलले तरच त्याला चावी बसते. जेवून बल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर, पाय पसरणाऱ्या माणसाला एवढा व्यायाम जड जाईल, हे खरे. म्हणून कंपनीने नव्या यंत्रात साठा वाढवून 70 तासांचा केला. शुक्रवारी संध्याकाळी सहाला काढून ठेवले तर सोमवारी दुपारी चारपर्यंत चालते, म्हणजे दुपारची झोप आटोपून पणजीची दुकाने पुन्हा उघडेपर्यंत! स्वित्झर्लंडमध्ये बसून कोणी आपला एवढा विचार करावा, डोळे भरून येतात. दिवसाला फार तर दोन सेकंद मागे-पुढे होईल, असेही ते सांगतात. ‘पाच मिनिटांत पावतो’ म्हणून तासाने येणाऱ्याला ही हमी हवीच.

आता मुख्य गुण. घड्याळ 300 मीटर खोल पाण्यात टिकते. हौशी डायव्हरची मर्यादा 40 मीटर, मिरामारला आपली मर्यादा गुडघा. उरलेले मीटर बोलण्यात वापरावेत. पाण्यातला वेळ मोजायचे भोवतीचे कडे एकाच दिशेने फिरते, चुकून धक्का लागला तरी तो वेळ जास्तच दिसावा, डायव्हर उशिरा वर येऊ नये म्हणून. तुम्ही त्यावर इसवण माशाच्या तुकड्या तव्यावर किती वेळ आहेत ते मोजा. रवा करपणार नाही.

शेवटी एक अडचण. चोडणच्या फेरीबोटीत कठड्याला टेकून उभे राहाल, मनगट उन्हात धराल आणि जाळे घेऊन बसलेला कोणी विचारील, ‘‘पात्रांव, तीनशें मीटर? हांगा इतलें उदक खंय आसा?’’ अशा वेळी बाही खाली ओढावी. बाही अर्धी असेल तर धक्का येईपर्यंत मांडवीकडे बघत राहावे.